पेटवण्याआधी ढीग हलवून पाहा

अनसिंगच्या मारुतीच्या पाराजवळ होळी रचून तयार होती आणि हर्षल तिला कान लावून उभा होता. भर उन्हात! पण त्याचा तरी काय दोष, त्याचा धडा नेमका आदल्या दिवशीच नोव्हेंबरवर आला होता ना!

म्हणजे काय, तर हर्षल मोबाइलवर विलायतेतला एक कोर्स करत होता. तिकडची पाखरं, जनावरं, झाडं वर्षभर कशी जपायची ते त्यात शिकवत. बारा महिन्यांवर बारा धडे, आणि हा ते भराभर उरकत होता. जानेवारीत पाखरांना दाणे टाका म्हणाले, तर यानं वडिलांचं मेथीचं बियाणंच अंगणात टाकलं. मे महिन्यात गवत कापू नका म्हणाले, तेव्हा वडील, म्हणजे रंगराव, म्हणाले, "मे महिन्यात आपल्याइथं गवत दाखव लेका, मंग कापायचं पाहू." आणि आता नोव्हेंबर. तिकडे म्हणे त्या महिन्यात होळीसारखे ढीग पेटवतात, आणि त्यात हेजहॉग नावाचं काटेरी, एवढंसं जनावर घर करून झोपलेलं असतं. म्हणून पेटवण्याआधी ढीग हलवून पाहा.

आता अनसिंगात हेजहॉग कुठून येणार? पण होळीच्या आतून खुडबुड ऐकू आली. खरंच आली!

"गोलू, आत जीव हाय! होळी उकल!"

गोलू हा होळी रचणाऱ्या पोरांचा म्होरक्या. त्याचं तोंडच उतरलं. "येडा झाला काय बे? हात नोको लावू!"

"काहून?"

"काहून म्हंजे... पाप लागते."

पाप कसलं! होळीचं लाकूड पोरांनी गावातून चोरून आणायचं, हा रिवाज. पूजा झाली की ते होळीचं, मग मालकानं ब्र काढायचा नाही. पण पूजेआधी ज्यानं आपलं ओळखलं, त्यानं खुशाल उचलून न्यावं. म्हणून पोरं काय करतात, चोरलेला माल पार पोटात घालतात आणि वरून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचतात. त्यात यंदा होळी पुजायचा आणि पेटवायचा मान पहिल्यांदाच रंगरावांकडे आला होता. त्यासाठी शिवलेला नवा पांढरा सदरा सकाळपासून अर्ध्या गावाला दाखवूनही झाला होता.

हर्षलनं पऱ्हाट्यांचा एक भारा ओढला, आणि तेवढ्यात रुपाबाई तिथून चालल्या होत्या.

"थांब थांब थांब! हे त माह्या गोठ्याचं फाटक! आन् मी म्हैस दोरीनं बांधून राह्यली!"

फाटक निघालं. फाटकाखालून देवलाच्या बैलगाडीचं जू निघालं. जुवाखालून मोहनसिंगच्या चहाच्या टपरीचा बाक निघाला, वर गिऱ्हाइकांनी कोरलेल्या नावांसकट. बातमी अशी पसरली की घराघरातून माणसं धावत आली. आणि काय सांगू, सगळ्यांना एकदम त्या जनावराचा कळवळा आला!

"हर्षलभाऊ, अजून खाली पाह्य, मुका जीव हाय बिचारा!"

"डाव्या बाजूनं पाह्य, तिकडं माही शिडी... म्हंजे जनावर असंल!"

ज्या देवलानं कधी कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला नव्हता, तोसुद्धा डोळे पुसत म्हणाला, "जीव वाचलाच पाह्यजे!" हर्षलची छाती फुगली. अख्खं गाव जागं झालं होतं! गोलू मात्र पाराआड बसून कपाळ बडवत होता.

शेवटची शिडी उचलली, आणि खालून एक मुंगूस सुर्रकन निघालं. आपली दोन पिल्लं मागं घेऊन ते नाल्याकडे पळालं. टाळ्या पडल्या. मग जो तो आपापलं सामान डोक्यावर घेऊन घरी गेला. सगळ्यांचं सगळं परत मिळालं. घर गेलं ते फक्त मुंगसाचं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा रंगराव नवा सदरा घालून आले. पाराजवळ मूठभर पऱ्हाट्या, चार गोवऱ्या आणि हर्षल.

"होळी कुठी हाय?"

"बाबा, मुंगूस वाचलं."

"मी इचारलं, होळी कुठी हाय!"

हर्षलनं सगळं सांगितलं. रंगरावांनी डोळे मिटले. "लेका, पयल्यांदा मान भेटला. आता त्या चार गोवऱ्या पेटवल्या त लोकं मले जन्मभर हासतीन. तुही माय निवद घेऊन निंगतच असंल."

"पुन्हा चोरू ना, काका," पाराआडून गोलू म्हणाला.

तिघं निघाले. पण रुपाबाई फाटकावरच बसल्या होत्या. मोहनसिंग बाकावर आडवा झाला होता. देवलानं तर जू खाटेवर घेतलं होतं, शेजारी, पांघरूण घालून! अख्ख्या गावात पहारा. राखण नसलेलं एकच घर उरलं होतं, कारण तिथली माणसं होळीकडे निघाली होती.

"बाबा, हे त आपलं घर हाय."

"मले मालूम हाय. बोंबलू नोको. गोलू, तू न्हाणीकडून ये. मी रस्त्यावर पाहतो."

अर्ध्या तासात होळी उभी राहिली. रंगरावांनी पूजा केली, पेटवली, आणि असा जाळ निघाला म्हणता, की लोक दोन पावलं मागं सरले. हर्षलच्या आईनं, गिरजाबाईंनी, पुरणपोळीचा नैवेद्य टाकला आणि कौतुकानं हात जोडले.

"अवो, काय जाळ हाय! चांगलं सागवान दिसते. कोन्या बिचाऱ्याचं आणलं?"

"पूजा झाली ना? मंग इचारायचं नसते," रंगराव जाळाकडे बघत म्हणाले.

गिरजाबाईंनी पदरानं घाम पुसला. "चाला आता घरी. समदा धूर आंगाले लागला. मी पयले आंगोय करतो."

जाळात त्यांच्याच न्हाणीचं दार मधोमध तडतडलं. रंगराव आणि हर्षल एकाच वेळी खाली मातीत बसले, नव्या सदऱ्यासकट.

"तू हो पुढं," रंगराव म्हणाले. "आमी सकाळपर्यंत होळी राखतो."