देवीचा कौल आणि तांदळाची खळ

देवी कौल देईल तो पुण्याचाच, याची राहीला खात्री होती. शास्त्र शिकलेली मुलगी, देवीवर थोडंच सोडणार!

१९५८ साली मुरुडजवळच्या त्या गावातून मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी. दोन कॉलेजांची पत्रं आली होती. मुंबईला शिष्यवृत्ती होती आणि गिरगावात मामाची खोली, म्हणजे मामीचा पहारा. पुण्याला छदाम मिळणार नव्हता. पण नवी प्रयोगशाळा होती, मुलींचं वसतिगृह होतं, आणि कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण! पंधरा दिवस राही मनाने त्या गच्चीवरच राहत होती. ती शनीची कडी बघायची आणि इकडे चुलीवर भात करपायचा.

"मुंबय!" बा म्हणे.

"पुणं!" राही म्हणे.

"देवीला कौल लावा नि गप बसा," आई वैतागली. "उजवी पाकळी पडली तं पुणं, डावी पडली तं मुंबय."

पहाटे फुलं ठेवायच्या निमित्ताने राही देवळात गेली आणि देवीच्या डाव्या खांद्याला तांदळाची खळ लावून आली. मुंबईची पाकळी आता सात जन्म पडणार नव्हती!

दादू गुरवाने दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. समुद्राचा वारा गाभाऱ्यापर्यंत येत होता. राही डोळे मिटून गच्चीवर जाऊन आली. पाकळ्या जागच्या जागी! पाणी वाळलं की उजवी पडायलाच हवी होती. एक तास झाला. दोन झाले.

"वारा घालू का जरा?" आईने विचारलं.

"देवीला? गप ऱ्हा!" दादू खेकसला.

अखेर दादूला भूक लागली. "दोनी पडत न्हाईत, म्हंजे देवीला दोनी पसंत न्हाईत. पोरीला घरीच ठेव, अंबाजी. सोयरीक बघ."

बाचा चेहरा उतरला. राहीची गच्ची, दुर्बीण, शनी, सगळं धूसर झालं. तिने जन्मात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. 'कुठलीही पाड, पण पाड!'

डावी पडली.

खळ वाळली की आक्रसून सुटते, हे तिला तेव्हा आठवलं.

"मुंबय!" बाने आनंदाने तिचा दंड धरला. सोडायला गेला, तर अंगठा सुटेना!

"बा, हा फणसाचा चीक कसला?"

"काल... फनस फोडला व्हता."

घरात आठ दिवस फणस आला नव्हता. राहीने देवीच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग खळीचंही सांगावं लागेल, हे लक्षात येऊन मिटलं.

पुढे मुंबईला मुख्य विषय निवडायची वेळ आली. तिने 'पदार्थविज्ञान' लिहिलं, खिडकीतून बराच वेळ आभाळ पाहिलं, ते खोडलं आणि लिहिलं, 'रसायनशास्त्र'. न शिकलेल्या बाला चिकाने जे जमलं, ते आपल्याला यायलाच हवं!