सूतगिरण्यांच्या राज्यात आलेल्या कानाची हकीकत

श्री. जो सर्व आरंभांचे आधी असतो आणि आरंभ जाहल्यावर कोणास दिसत नाही, त्यास नमन करून हे वर्तमान लिहिले असे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, नदीकाठी सूतगिरण्यांचे एक थोर राज्य नांदत होते. शेजारच्या राज्यांनी स्टार्टअप म्हणोन तरुण मंडळी पदरी बाळगिली हे ऐकोन धनीसाहेबांचे चित्तात आले जे, आपणही बाळगावी. मग नव्या उद्योगांत भांडवल घालावयाचे निराळे खाते उघडिले, आणि हेमचंद्र बोरा त्याचे कारभारी नेमिले. ते समयी मनवा कुंभोजकर नामे मुलगी चौघे सोबती घेऊन, तळहाताएवढे यंत्र करून हुजूर आली. ते सूत कातणाऱ्या चातीस लाविले असता तिचा आवाज ऐके, आणि चाती बिघडण्याआधी फोनवर वर्दी देई. म्हणोन त्यास कान म्हणत. धनीसाहेब संतोष पावले आणि भांडवल दिले, आणि अट घातली जे, हा कान दुसऱ्या कोणास विकू नये. मनवा आनंदे कबूल जाहली, कारण या एकाच राज्यात चात्या अगणित होत्या, आणि सर्व रात्रंदिवस गुणगुणत होत्या.

मग ती खरेदीखात्याचे प्रमुख खामकर यांजकडे गेली. खामकर बोलिले, “ताई, तीन वर्षं कुठंतरी माल पुरवल्याचा दाखला लागतो. नियम आहे.”

“पण दुसरीकडं विकायचं नाही, ही तुमच्याच साहेबांची अट आहे.”

“ती बोरासाहेबांच्या खात्याची अट. हा आमच्या खात्याचा नियम. चहा घेणार?”

बोरांकडे गेली, तो ते बोलिले, “खरेदीत मी पडत नाही गं. खामकर माझ्या खुर्चीची मागणीसुद्धा परत पाठवतात.”

मग कान पाहुण्यांचे दालनी मखमलीवर ठेविला, आणि परदेशचे पाहुणे येऊन पाहून जात, आणि मनवेस दर खेपेस शाल मिळे, आणि ऋतू पालटत. सोबती एकेक करून नोकरीस लागले. रणधीर तेवढा उरला, तो बोलिला, “मने, पाहुणे येतात, गिऱ्हाईक येत नाही. आता शालींचंच दुकान टाकू.” ती हसली, आणि शाल घडी करून ठेविली. आपले केलेले कोणाचे कामी न येता शोभेस लागावे, याहून निराळे दुःख तिजला ठाऊक नव्हते.

तेव्हा ती हुजूर गेली आणि विनंती केली, “साहेब, नियम तरी सोडा, नाही तर अट तरी.”

धनीसाहेब खिन्न जाहले. “पोरी, आम्ही तुला काय कमी केलं?”

“काही नाही, साहेब. पण दालनात तो नुसता पंखा ऐकतो.”

धनीसाहेबांनी नियम आणि अट, दोहोंचे कागद मागवून पाहिले. नियम वडिलांनी केलेला, तो मोडवेना. अट आपली, ती मोडिली. परंतु अटीसंगे आश्रयही गेला, राहिलेले भांडवल थांबले, आणि राज्याचे नाव लावावयाची मुभा गेली. मनवेने हात जोडिले आणि निघाली.

मग ती आणि रणधीर नदीपलीकडे कुलसुमबी बागवान यांचे दोरा वळण्याच्या लहान कारखान्यात गेली. कुलसुमबी बोलिल्या, “लाव की. बिघडलं तर मी शिव्या देईन, तू ऐक.” एके दुपारी फोन वाजला. चाती उघडिली, तो आतील बेअरिंग झिजोन तुटावयास आले होते. कुलसुमबी बोलिल्या, “खरं बोलतंय गं तुझं कार्टं! अजून आहेत का?” मनवा चालत्या यंत्रांमध्ये उभी राहिली, आणि तिचे डोळे भरोन आले.

एवंच, राज्याने आश्रय दिला, काम दिले नाही; काम परक्याने दिले. राज्यात मनवेस कृतघ्न म्हणतात, आणि तेथील चाती बिघडली हे अद्याप ती तुटल्यावरच कळते. घडले तैसे लिहिले असे.