गुडघाभर ताड

ताडाच्या बिया उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. माणूस दिवसभरात याहून मोठमोठ्या गोष्टी ठरवतो आणि त्यातून काही निघत नाही. माझ्या या एका ठरावातून मात्र रावसाहेब, सासूबाई आणि मोखाडा एवढं सगळं निघालं.

झालं असं. सन पस्तीसच्या भादव्यात कचेरीच्या कामासाठी मी शहापुराहून ठाण्याला गेलो होतो. तिथं एका साहेबाच्या बंगल्यापुढं, फाटकापासून पायरीपर्यंत, दोन्ही अंगांना ताडासारखी उंच झाडं उभी होती. त्या रांगांमधून साहेब चालत आला आणि मोटारीत बसला. साहेब तसा बुटका, पण त्या झाडांमधून चालताना बराच मोठा माणूस वाटला. (माझी उंची इथं सांगायचं कारण नाही.) परत येताना खाडीकाठच्या एका बाईकडून पिकलेली ताडफळं घेतली आणि पिशवी मांडीवर धरून आसनगावला उतरलो. घरी फळं खाऊन झाली. दातांत धागे अडकले, हात कोपरापर्यंत पिवळे झाले आणि बिया उरल्या. त्या उचलून माझी बायको वत्सला उकिरड्याकडे निघाली.

"थांब," मी म्हणालो. "त्या मी परसात लावणार. दोन रांगा."

"तिथं माझी भेंडी हाय."

"भेंडी काय, कुणीही लावतं."

भेंडी निघाली आणि ताड लागले. मी घरात नियम करून टाकला की कुणीही बी उकरून बघायचं नाही, मीसुद्धा नाही. रोज कचेरीला जाण्याआधी दोन्ही रांगांना पाणी घालायचं आणि मधल्या वाटेनं एकदा सावकाश चालून यायचं. आमची मुलगी कमळ तेव्हा रांगत होती. तिला मी ती वाट दाखवून सांगत असे की पुढं तुझी वरात इथूनच जाईल. वरात परसाकडून कशी जाईल, असं वत्सलानं एकदा विचारलं. मी दोन्ही रांगांना आणखी एकेक तांब्या पाणी घातलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. जमिनीवर काही दिसेना. दुधाचा रतीब घालणारा गोमा रोज कुंपणापाशी थांबून आत बघायचा.

"भाऊ, काय पेरलंय?"

"ताड."

"ताडी कदी निघंल?"

"वीस वर्षं तरी लागतील."

"मंग यीन तवा," असं म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आला, पण परसाकडे पुन्हा म्हणून बघितलं नाही.

इथवर सगळं माझ्या परसापुरतं होतं. मार्गशीर्षात कचेरीत बातमी आली की मोखाड्याचा कारकून हिवतापानं अंथरुणाला खिळलाय आणि त्याच्या जागी शहापुराहून एकाला धाडायचंय. मोखाड्याचा हिवताप म्हणजे साधं काम नव्हे. तिकडं गेलेला माणूस परत यायचा तो पिवळा होऊन, घोंगडीत गुंडाळून, बैलगाडीतून. नावं दोनच निघाली, एक माझं आणि एक कचेरीतल्याच दुसऱ्या कारकुनाचं, जयरामचं. कोण जाणार हे मामलेदारांनी, म्हणजे आमच्या रावसाहेबांनी, ठरवायचं होतं.

वत्सलाची झोप उडाली. भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबे. "काय बी करा," ती म्हणे, "पन रावसायबांना सांगा. मोखाड्याचं नाव काढलं का माझ्या घशाखाली घास उतरत नाय." लग्नाला चार वर्षं झाली होती. बायकोचा आपल्यावर एवढा जीव आहे हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मला फार बरं वाटलं. हिच्यासाठी तरी ही बदली टाळायचीच, असं मी मनाशी धरलं.

रावसाहेब केळव्याकडचे. झाडांचं त्यांना भारी वेड. एक दिवस कचेरीत ते म्हणाले, "या तालुक्यात जो तो झाडं तोडतो. लावणारा माणूस मला एकही भेटला नाही." मी बसल्या जागी उभा राहिलो.

"साहेब, मी लावलेत. ताड. बियांपासून. दोन रांगा."

"वा," रावसाहेब म्हणाले. "केव्हा लावले?"

"भादव्यात."

"केवढे झाले?"

आता जमिनीवर काही नाही असं सांगितलं तर मोखाडा समोर दिसत होता. "गुडघाभर," मी म्हणालो.

रावसाहेबांनी चष्मा काढला. "चार महिन्यांत? आमच्या केळव्याला एवढ्याला काही वर्षं लागतात हो."

"शहापूरची माती आहे, साहेब."

"बघायला पाहिजे," रावसाहेब म्हणाले. "रविवारी सकाळी येतो."

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई आल्या. धोंडूबाई त्यांचं नाव. दिल्या मुरबाडला, पण माहेर वसईकडचं. म्हसाच्या जत्रेहून परस्पर आल्या होत्या, नातीसाठी खुळखुळा आणि माझ्यासाठी घोंगडी घेऊन. (घोंगडी पाहून मला मोखाड्याची बैलगाडी आठवली.) येताच त्यांनी सगळं घर डोळ्यांखालून घातलं, परसात जाऊन उभ्या राहिल्या, आणि "जावायबापू, ह्ये काय लावलंव?" म्हणून विचारलं. ताड लावलेत आणि रावसाहेब ते बघायला यायचेत, असं मी सांगितलं. "बरं, बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर माझ्याविषयी कधी नव्हे तो आदर दिसला.

शनिवारी मी कचेरीत होतो, पण कामात लक्ष नव्हतं. शेवटी तोड सुचली. शिंदी आणि ताड लहानपणी तसे एकाच कुळातले वाटतात, निदान मला तरी वाटत होते. रविवारी उजाडता उजाडता कोयता घेऊन नाल्यावर गेलो आणि शिंदीच्या झावळ्यांचे गुडघाभर उंचीचे फाटे कापून आणले. शिंदीला काटे असतात हे मला ठाऊक होतं. किती असतात ते त्या दिवशी कळलं. घरची मंडळी चुलीपाशी होती तोवर दोन्ही रांगांत फाटे खोवून मोकळा झालो. माती इतकी भुसभुशीत लागली की फाटा नुसता टेकवावा आणि आत जावा. चार महिने घातलेल्या पाण्याचा हा गुण, असं मला वाटलं आणि स्वतःचं जरा कौतुक वाटलं.

रावसाहेब आले, ओटीवर बसले. मी म्हणालो, "साहेब, आधी झाडं बघू या, ऊन व्हायच्या आत." (कापलेला फाटा उन्हात किती वेळ ताठ राहतो ते मला माहीत नव्हतं.) पण तेवढ्यात सासूबाई पदर सावरत ताट घेऊन आल्या. ताटात बोटभर लांबीचं, पांढरट, उकडलेलं काहीतरी होतं आणि बाजूला मीठ.

रावसाहेबांनी एक उचललं, सोललं, मधली शीर ओढून टाकली आणि तोंडात घातलं. दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "ताडाचे कोंब. आईच्या हातचे खाल्ले होते, त्यानंतर आज खातोय. शहापुरात हे आले कुठून?"

"आमच्या जावयांनी लावलंन ना," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "तुमी येनार म्हनून म्या काल समदं खनून काढलं. एक बी नाय ठेवला."

ताडाचं बी आधी खाली जातं, हातभर खोल जाऊन तिथं कोंब पोसतं, आणि वर पान यायला त्यानंतर कितीतरी दिवस लागतात, हे रावसाहेबांनी मला पुढं सांगितलं. म्हणजे चार महिने माझी झाडं झकास वाढत होती. फक्त मी चुकीच्या बाजूला बघत होतो.

"सगळं खणून काढलं?" रावसाहेब म्हणाले. "मग गुडघाभर झालेत ते कोणते?"

मी उठायच्या आत ते परसात गेलेसुद्धा. दोन्ही रांगा माना टाकून उभ्या होत्या. रावसाहेबांनी एका फाट्याला काठी लावली. तो आडवा झाला. त्यांनी पुढच्याला लावली, तोही झाला.

"यशवंतराव," ते शांतपणे म्हणाले, "ही झाडं लावून कापलीत, की कापून लावलीत?"

मी म्हणालो, "साहेब, शहापूरची माती..." आणि थांबलो.

ओटीवर परत आल्यावर रावसाहेबांनी आणखी दोन कोंब खाल्ले आणि निकाल दिला. "जयरामची आई थकलेली आहे, त्याला हलवता येत नाही. मोखाड्याला तुम्ही जा. पण बिऱ्हाड इथंच राहू द्या. हे परस मोडता कामा नये. पुढल्या भादव्यात बिया मी केळव्याहून मागवून देतो. बाईंना जमत असेल तर त्यांनीही इथं राहावं."

"र्‍हाते की पोरीसंगं," सासूबाई म्हणाल्या.

रावसाहेब गेले. मी वत्सलाकडे बघायला धजत नव्हतो. ज्या बातमीनं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ती शेवटी खरी झाली होती. धीर करून आत गेलो. वत्सला कमळीला छातीशी धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडू नकोस," मी म्हणालो. "जाईन कसाबसा. घोंगडी आहे."

"रडत नाय वो," ती डोळे पुसत म्हणाली. "जीव हलका झाला. माझ्या कमळीला आता त्या तापात न्यायला नको. म्हैनाभर नुसता घोर लागला होता."



"आणि माझा?"

वत्सलानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात हा विचार खरोखरच आला नव्हता.

"तुमचा कसला?" ती म्हणाली. "तुमी तर जानारच होते. आमाला बी संगं नेता का काय, येवडीच भीती होती."