किल्लेदाराच्या दरबारातला दुभाष्या

अरबाबांचं, म्हणजे आपल्या अरब मालकाचं, आवार आपण नाटकाला दिलं, असं हमदुल्लाने पुढे कधीच कबूल केलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की त्याने फक्त फाटकाचं कुलूप काढलं. बाकी सगळं आपोआप आत आलं.

झालं असं, की शारजातल्या कोकणी मंडळींनी ईदेसाठी नाटक बसवलं होतं. लिहिलं होतं हमदुल्लानेच. नाव 'किल्लेदार आणि बहुरूपी'. काळ दोनशे वर्षांपूर्वीचा, जेव्हा सिनेमा नव्हता, रेडिओ नव्हता, आणि रत्नागिरीकडच्या किल्ल्यांवर सणासुदीला डोंबारी, कळसूत्री बाहुल्यांवाले, बहुरूपी असे लोक करमणूक करायला येत. त्यांतला एक बहुरूपी आधी वाघाचं सोंग घेतो, मग फकिराचं, आणि लोक खूश होतात म्हणून शेवटी खुद्द किल्लेदाराचंच सोंग घेऊन भर बाजारात न्यायनिवाडा करत बसतो. लोक हसून लोळतात. किल्लेदाराला मात्र हसू येत नाही. तो बहुरूप्याला दरबारात ओढून आणतो आणि तलवार मागवतो. तिथे तिसरा अंक सुरू होतो.

प्रयोगासाठी खाडीकाठच्या वाळूत शिडाच्या कापडाचा मंडप घातला होता. ईदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि दुपारच्या आत मंडप खाडीत गेला. दुबईची मंडळी तोवर घरून निघालीही होती, आणि बिर्याणीच्या डेगीखाली जाळ लागला होता. तेव्हा गनी हमदुल्लाकडे आला. हा गनी एका शिपिंग एजंटकडे क्लार्क. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार, म्हणून किल्लेदाराचं काम त्याच्याकडे होतं.

"हमदुल्लाभाय, तुझ्या गोडाऊनचं कंपाउंड आहे ना," गनी म्हणाला. "चारी बाजूंनी भिंत. वारा काय, वाऱ्याचा बाप आत यायचा नाही."

"गोडाऊन माझं नाही. अरबाबचं आहे."

"अरबाब फुजैऱ्याला गेलाय ना, शादीला? परवा येणार, तूच बोललास."

"इन्शाल्ला येणार, असं बोललो."

"मग आपण इन्शाल्ला उद्याच सगळं साफ करून टाकू. खलास. यल्ला, चावी काढ."

हमदुल्ला हा अरबाब सैफ यांचा मुनशी आणि दुभाष्या होता. अरबाबांचा धंदा कोकणातून नि मुंबईकडून येणाऱ्या गलबतांशी. कौलं, कांदे, तांदूळ, इमारती लाकूड. गलबतांचे तांडेल मराठी-हिंदी बोलणार, अरबाब अरबी बोलणार, आणि मध्ये हमदुल्ला. अरबाब बोलत कमी आणि हसत त्याहून कमी. पण नुकतीच त्यांनी गोडाऊनशेजारची रिकामी खोली हमदुल्लाला देऊ केली होती, कारण पुढच्या बोटीने खैरुन्निसा येणार होती. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी ही बायको त्याला पत्रांतच जास्त भेटली होती. नोकरी गेली की परमिट जाणार, परमिट गेलं की खोली जाणार, आणि मग खैरुन्निसा इकडे येण्याऐवजी हमदुल्लाच तिकडे जाणार. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं. पण लेखकाला एकदा प्रयोग दिसायला लागला की बाकीचं जरा अंधूक दिसतं. त्याने चावी काढली.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आवार मिळाल्यावर गनीला जमीन खडबडीत वाटली, म्हणून अरबाबांच्या बैठकीतला गालिचा आला. गालिचा आल्यावर किल्लेदार काय भुईवर बसणार, म्हणून गादी आणि तक्के आले. दरबार म्हटला की पाहुणचार हवा, म्हणून कावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायची पितळी सुरई आणि पेले आले. पुठ्ठ्याची तलवार मंडपाबरोबर खाडीत गेली होती, म्हणून भिंतीवरची खरी तलवार आली. प्रत्येक वेळी हमदुल्ला म्हणे, "बस, एवढंच हं," आणि प्रत्येक वेळी गनी म्हणे, "एवढंच तर." अरबाबांचा सोनेरी काठाचा काळा झगा खुंटीवरून केव्हा उतरला, हे मात्र हमदुल्लाला कळलं ते पडदा उघडल्यावर. गनी तो घालून गादीवर बसला होता आणि फारच रुबाबदार दिसत होता. हमदुल्ला तो उतरवायला पुढे सरकला, पण तोवर टाळ्या पडायला लागल्या होत्या.

पहिले दोन अंक झकास झाले. एका बाजूला गडीमाणसं, दुसऱ्या बाजूला चादरीच्या आडोशाला बायका, आणि दोन्हीकडून हशा. बहुरूपी झालेला मुनीर एरवी जेटीवर क्रेन चालवायचा. त्याने गनीची चाल अशी उचलली होती की चादरीमागे बसलेली गनीची बायको झुबेदा मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हे तर घरी असेच फिरतात." तांदळाच्या पोत्यांमागे प्रॉम्प्टिंगला बसलेल्या हमदुल्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण लिहिलेल्या वाक्याला माणसं हसतात, यासारखं सुख नाही.

मग तिसरा अंक लागला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मुनीर हात बांधून गुडघ्यांवर बसला होता. जल्लाद झालेला वली तलवार घेऊन उभा होता. गनीने आवाज चढवला, "या सोंगाड्याची गर्दन..." आणि दरबाराच्या मागच्या भिंतीतलं लाकडी दार उघडलं.

त्या दारातून नाटकात कोणी यायचं नव्हतं. ते अरबाबांचं नेहमीचं दार होतं. डोंगरात पाऊस होऊन फुजैऱ्याच्या वाटेवरच्या नाल्याला पाणी आलं होतं, आणि अरबाब अर्ध्या वाटेतून परत फिरले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढीत धूळ. त्यांनी आत पाऊल टाकलं, समोरचा दरबार पाहिला आणि म्हणाले, "अस्सलामु अलैकुम."

आता सलाम आला की उत्तर द्यायचं, हे कोकणी माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. किल्लेदार, जल्लाद, पहारेकरी आणि मरणाच्या दारातला बहुरूपी, सगळे एका आवाजात म्हणाले, "वअलैकुम अस्सलाम." अर्धे प्रेक्षकही म्हणाले. आणि वडीलधारा माणूस आला की बसल्या जागेवरून उठायचं हेही त्यातलंच, म्हणून गनी उठला. अरबाब शांतपणे चालत गेले आणि आपल्या गादीवर, आपल्या तक्क्याला टेकून बसले.

सुरईच्या सगळ्यांत जवळ मुनीर होता. पाहुणा बसला आणि कावा नाही, हे त्याला बघवेना. त्याने बांधलेल्या हातांनीच सुरई उचलली आणि पेला भरून पुढे केला. भरून म्हणजे नुसतं ओतल्यासारखं करून, कारण सुरई नाटकातली, रिकामी होती. अरबाबांनी पेला ओठाला लावला, आणि आता पुरे म्हणून रिवाजाप्रमाणे तो हलवून परत दिला. दुबईच्या मंडळींनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शारजावाल्यांनी खर्चाकडे न बघता खरा अरब आणलाय.

"हमदुल्ला कुठे आहे?" अरबाबांनी अरबीत विचारलं.

पोत्यांमागून हमदुल्लाने फाटकाकडे पाहिलं. पळावं तर फाटकापर्यंत सगळं शारजा मांडी घालून बसलेलं. तो शर्ट-पँटमध्येच, कानावर पेन्सिल ठेवून, दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारात येऊन उभा राहिला. प्रेक्षकांत कुजबुज झाली, हा कोण? काहीतरी बोलणं भाग होतं.

"मी दरबारचा दुभाष्या," तो प्रेक्षकांना म्हणाला. "बडे किल्लेदार जंजिऱ्याहून तपासणीला आले आहेत. त्यांना आपली बोली येत नाही."

"हा जाडा माणूस माझा झगा घालून काय करतोय?" अरबाबांनी अरबीत विचारलं.

हमदुल्लाने कमरेत वाकून मराठी केलं, "खाविंद पुसतात, या छोट्या किल्लेदाराने कोणाच्या हुकुमाने दरबार भरवला?"

गनीला पाठ केलेलं सगळं येत होतं, पण हे पाठांतरात नव्हतं. तो घाबरून खरं बोलला. "तुमच्या या दुभाष्याच्या."

प्रेक्षक खदखदून हसले. "काय म्हणतो?" अरबाबांनी विचारलं.

"म्हणतो, अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो."

अरबाबांनी मान हलवली. मग मुनीरकडे बोट दाखवलं. "आणि याला का मारताय? याने काय केलं?"

"याने..." हमदुल्लाने गनीच्या अंगातल्या झग्याकडे पाहिलं. "दुसऱ्याचे कपडे घातले. दुसऱ्याच्या जागेवर बसला. आणि लोकांना हसवलं."

"न विचारता?"

"न विचारता, अरबाब."

"दार कोणी उघडून दिलं?"

आजवर हमदुल्लाने किती तरी वाक्यं इकडची तिकडे नेताना अशी वळवली होती की दोन्हीकडची माणसं खूश होऊन घरी गेली. पण इथे वळवायला मध्ये दुसरं कोणी नव्हतं. समोर अरबाब होते, आणि उत्तर त्याचं त्यालाच द्यायचं होतं. खैरुन्निसा ट्रंक घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उभी आहे आणि बोट तिला न घेता चालली आहे, असं त्याला डोळ्यांसमोर दिसलं.

"मी," तो म्हणाला.

"अरे, काय चाललंय ते आम्हाला पण सांग," मागून एक खलाशी ओरडला.

"खाविंदांनी पुसलं, या गुन्ह्यात सामील कोण," हमदुल्ला मराठीत म्हणाला. "मी म्हटलं, मी."

झुबेदा चादरीमागे मुसमुसली. एवढ्यात मुनीरला आपलं भाषण आठवलं. ते किल्लेदाराचे पाय धरून करायचं होतं, म्हणून त्याने गादीवर जो कोणी होता त्याचे पाय धरले, आणि 'हसवणाऱ्याला मारलंत तर गडावर रडायला तरी कोण उरणार' इथपासून सुरुवात केली. भाषण लांबलचक होतं. हमदुल्लाने ते लिहिताना हात आखडता घेतला नव्हता. अरबाबांनी चिखलाचे पाय तसेच राहू देऊन ते अखेरपर्यंत ऐकलं. लिहिलेल्या नाटकात यानंतर किल्लेदार गुन्हेगाराला हद्दपार करत असे.

"काही चोरीला गेलं?" अरबाबांनी विचारलं.

"काही नाही."

"लोक हसले?"

हमदुल्लाने प्रेक्षकांकडे पाहिलं. "खूप हसले, अरबाब."

"मग सोड त्याला. सणाच्या दिवशी हसवणाऱ्याला कोण शिक्षा करतं? आणि त्या पोराला सांग, तलवार म्यानात घाल. माझ्या आजोबांची आहे."

"खाविंद फर्मावतात," हमदुल्ला प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "तलवार म्यान करा. बहुरूप्याला माफी आहे."

टाळ्या थांबेनात. पडदा ओढला, तरी लोक उभे राहून वाजवत होते.

मंडळी बिर्याणीकडे वळली. गनीने झग्याची घडी हमदुल्लाच्या हातात ठेवली आणि एवढ्या भरदार माणसाला जमेल तितक्या हळूच तो निसटला. अरबाब अजून गादीवरच होते. हमदुल्ला त्यांच्यापुढे उभा राहिला आणि अरबीत म्हणाला, "अरबाब, सगळी चूक माझी. तुम्ही सांगाल ते..."

"नाटक बरा होता," अरबाब म्हणाले. "तिसऱ्या अंकात ता भाषण लांबला. ता काप."

हमदुल्लाला आधी कळेना की कोण बोललं. त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुम्हाला... मराठी..."

"जयगडजवळ माजा तारू फुटला होता," अरबाब आरामात तक्क्याला रेलून सांगायला लागले. "लाकूड मिळेपर्यंत दोन पावसाळं तितंच काढलं. काम नाय, धंदा नाय. गावात खेळे व्हायचे, सोंगा निघायची. रोज बघायचो. मनात यायचा, आपण पन एकदा उभा राहावा. परदेशी मानूस, घेनार कोन?"

या चार वर्षांत अरबाबांच्या समोर बसून, त्यांना कळत नाही या भरवशावर, आपण त्यांच्याविषयी मराठीत काय काय बोललो हे हमदुल्ला आठवायला लागला. आठवत गेलं तसतसे त्याचे कान तापले. "मग अरबाब, दुभाष्या कशाला ठेवलात?"

"मध्ये दुभाष्या असला का इचार करायला वेळ मिळतो. समोरचा काय बोलला ता मला आधीच कळलेला असतो. तू फिरवून सांगतोस तोपर्यंत मी भाव ठरवतो." त्यांनी दाढीतली धूळ झटकली. "मागल्या साली मोहिद्दीन तांडेल मला भर जेटीवर चोर बोलला. तू मला सांगितलास, तो सलाम सांगतो."

हमदुल्ला घडी घातलेला झगा उलगडून पुन्हा घडी घालायला लागला.

"खरा सांगितला असतास तर चार लोकांत मला रागवायला लागला असता. त्याचा गलबत परत गेला असता. आनि मोहिद्दीन मानूस वाईट नाय, नुसता तोंडाचा तिखट. खरा सांगणारे दुभाषे पुष्कळ मिळतात, हमदुल्ला. म्हणून तर तुला ठेवला." ते उठले. "चल, माज्यासाठी बिर्याणी उरली का बघ."

हमदुल्लाचा जीव भांड्यात पडला. तो बिर्याणीकडे चालत गेला, पण आपण पळतोय असं त्याला वाटत होतं. फक्त खोलीचं विचारायचं राहिलं होतं. पण एवढं सगळं माफ झाल्यावर वर खोली मागायला त्याची जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात नेमका मोहिद्दीन तांडेलच आला. माल उतरवायला उशीर झाला म्हणून तो धुमसत होता. अरबाब समोर बसले होते, चेहरा नेहमीसारखा भिंतीसारखा कोरा.

"हमदुल्ला, या म्हाताऱ्याला सांग," तांडेल म्हणाला, "तू मेल्याशिवाय आम्हा गरिबांची सुटका नाही. असंच सांग, शब्दाला शब्द."

अरबाबांनी हमदुल्लाकडे पाहिलं आणि अरबीत विचारलं, "काय म्हणतो?"

हमदुल्ला अदबीने म्हणाला, "तुमच्या तब्येतीची चौकशी करतोय, अरबाब."

"त्याला सांग, अलहम्दुलिल्ला, अजून बरेच दिवस ठणठणीत आहे," अरबाब म्हणाले. "आणि विचार, गलबतात चुना आहे का. बोट यायच्या आत तुझ्या बायकोच्या खोलीला लावून घ्यायचाय."

हे मात्र हमदुल्लाने तांडेलाला शब्दाला शब्द लावून सांगितलं.