जगनदादांचं ‘दाब’

जगनदादांच्या गॅरेजमध्ये गाडीचा ब्रेक दाखवायचा असेल तर आधी पायातली चप्पल काढावी लागते. “ब्रेक पायाला कलतो, चपलेला नाय,” असं ते म्हणतात. बोईसरकडून आलेला एक टेम्पोवाला हसला, “चाचा, मंदिर है क्या?” दादांनी त्याला बूट हातात घेऊन उभं केलं आणि मगच बॉनेट उघडलं.

हे गॅरेज पाम गावात, रस्त्याकडेच्या चिंचेखाली. पाटी नाही. दादांचं वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाचा मूळ रंग फक्त त्यांनाच ठाऊक. गिऱ्हाइकाने गाडीचं दुखणं सांगायला सुरुवात केली की ते हात वर करतात. “तू गप. गाडी खोटं बोलत नाय, डायवर बोलतो.”

हे वाक्य त्या आठवड्यात मला फार लागत होतं.

माझी पिकअप वीस वर्षांची. मुरब्याजवळच्या आमच्या वाडीतले चिकू ती बोईसरच्या बाजारात नेते. त्या सोमवारी उतारावर ब्रेक दगडासारखा कडक झाला. समोर स्कूटरवर एक बाई, मागे तिची लेक. मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी हातभर अंतरावर थांबली. बाईंनी वळून पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र बराच वेळ स्टिअरिंग धरून बसलो होतो.

ब्रेक कशाने कडक झाला, ते मला माहीत होतं. पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर म्हणून पत्र्याचा गोल डबा असतो. इंजिन चालू असताना त्यातली हवा एका जाड नळीतून ओढून घेतली जाते. दोन महिन्यांपूर्वी ती नळी वाटेत चिरली आणि मी वाडीतल्या ठिबकच्या पाइपाचा तुकडा कापून तिथे बसवला. चार दिवसांपुरता म्हणून. गाडी चालली आणि मी विसरलो. इंजिन तापलं की तो पाइप मऊ पडून आतल्या आत चपटा होत असणार. आम्ही वाडीवाले ठिबकच्या पाइपाने जगातलं काहीही जोडतो, पण ब्रेक?

हे दादांना सांगायची हिंमत झाली नाही. ते आपणच शोधतील आणि नळी बदलतील, असा माझा हिशेब.

“इंजिन बंद. पाच वेला दाब. आता पाय ठेव नि चालू कर,” दादांनी हुकूम सोडला. चांगल्या गाडीत अशा वेळी पेडल जरासं खाली जातं. माझं गेलं नाही. दादा बॉनेटखालून ओरडले, “परत दाब.”

पूर्वी हे काम वहिनी करायच्या. मांडीवर सूप घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या, वाल सोलता सोलता दादांशी गप्पा मारायच्या आणि ‘दाब’ म्हटलं की न बघता दाबायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून दाबायला गिऱ्हाईक.

पहिल्या दिवशी दादांनी ब्रेक ऑइल पाहिलं. दुसऱ्या दिवशी पंप. मी अनवाणी बसून दाबत होतो आणि तोंड बंद राहिलं तर खरं बाहेर पडेल या भीतीने अखंड बडबडत होतो. चिकूवरची कीड, बायकोची गुडघेदुखी, कोळगावच्या जिल्हा कचेरीतले हेलपाटे. दादा खालून “हां, मग?” म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवेना. “दादा, ती नळी ठिबकची आहे. मी बसवली. एक बाई आणि तिची पोर मरता मरता वाचली.”

दादा बाहेर आले. त्यांनी शिव्या दिल्या, आणि त्या मला हव्याच होत्या. मग त्यांनी फळीवरून नवी नळी काढली. बरोबर मापाने कापलेली होती.

“ही कधी कापलीत?”

“पयल्या दिशी. झाकन उघाडलं नि तुजी ठिबकची नली दिसलीच.”

“मग तीन दिवस मला कशाला दाबायला लावलंत?”

दादा हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. “ती गेल्यापासून सीटवर बसून कोन बोलत नाय रं. गिराईक मोबाइल बघतं. तू बोलत व्हतास.”

मी परत सीटवर जाऊन बसलो.

नळी पाच मिनिटांत बसली. इंजिन चालू केलं आणि पेडल पायाखाली हलकेच खाली गेलं. घरी चिकूचे क्रेट भरून ठेवलेले होते. दादा बॉनेट लावायला वळले.

मी इंजिन बंद केलं. “दादा, मागचे ब्रेकही जरा बघता का?”

मागचे ब्रेक उत्तम होते. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.