मिस मेबलच्या टाळ्या

औरंगाबादच्या छावणीत मुख्तारचं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. बद्रीनाथ वकिलांनी आत येऊन आधी दार लोटून घेतलं, तेव्हाच मुख्तारनं ओळखलं की साहेबांना काही दुरुस्त करून घ्यायचं नाही.

"मुख्तार, नुसत्या टाळ्यांची तबकडी असते का रे?" वकिलांनी जमिनीकडं बघत विचारलं.

मागच्या वर्षी वाचनालयाच्या उत्सवात वकिलांनी तासभर भाषण ठोकलं होतं आणि शेवटी एक टाळी म्हणून ऐकू आली नव्हती. पडद्याआड बायकांमध्ये त्यांची बायको चतुराबाई बसली होती. तेव्हापासून कोर्टात गरजणाऱ्या या माणसाला घरात मोठ्यानं बोलायची लाज वाटे. यंदा बायकोनं टाळ्या ऐकायलाच हव्या होत्या. गावाचं काय, गाव कोर्टात ऐकतच होतं.

"नुसत्या नाय, पर गाण्यासंगट हायेत," मुख्तार म्हणाला.

छावणीतला एक गोरा कप्तान बदलून जाताना त्याला तबकड्यांचा गठ्ठा विकून गेला होता. मिस मेबल नावाची जाझ गाणारी बाई कलकत्त्याच्या एका नाइटक्लबात महिनाभर गायली होती, आणि तिथंच, भरल्या मैफलीत, त्या तबकड्या भरल्या होत्या. बाई आली की टाळ्या, मग गाणं, मग पुन्हा टाळ्या. मधूनच पेल्यांची किणकिण.

"गानाबी ऐका, वकीलसाब. रडवती बाई."

"गाणं नको. त्याआधी सुई उचलायची."

बेत ठरला. मुख्तारनं व्यासपीठामागच्या पडद्याआड बसायचं, आणि वकिलांनी रुमालानं कपाळ पुसलं की टाळ्या सोडायच्या. उत्सव ऐन वैशाखात आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्या टाळ्या झकास झाल्या. पुरुषांना वाटलं बायकांनी वाजवल्या, बायकांना वाटलं पुरुषांनी, म्हणून मग दोन्हीकडून वाजल्या. वकिलांना असा हुरूप आला की त्यांना घाम फुटला.

"आपले संस्थापक गेल्या महिन्यात आपल्याला सोडून गेले," असं गहिवरून म्हणत त्यांनी कपाळ पुसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात कलकत्त्याच्या कुणा साहेबानं शीळही घातली. संस्थापकांचे चिरंजीव पुढ्यातच बसले होते.

वकील गांगरले आणि घाम वाढला. "मला तसं म्हणायचं नव्हतं," म्हणून कपाळ पुसलं, पुन्हा टाळ्या. माफी मागून पुसलं, पुन्हा टाळ्या. आत मुख्तारची तारांबळ उडाली. घाईघाईत सुई तबकडीच्या मध्यावरच टेकली आणि मिस मेबल गाऊ लागली. घोगऱ्या आवाजात, सावकाश, एकेक सूर ओढून धरत. आता मुख्तारला सुई उचलवेना.

निजामाच्या राज्यात सभेत तोंड उघडायचं तर परवाना लागे. परवाना तपासायला पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब जातीनं आले होते. ते उठून उभे राहिले.

"वकीलसाब, परवाने में एकीच नाम है. ये बाई कौन?"

"बाई... बाई नाही, साहेब," वकील पुटपुटले.

"मैं क्या बहरा हूं? सामने लाओ उसको."

शिपायानं व्यासपीठामागचा पडदा ओढला. आत डोळे मिटून डोलणारा मुख्तार आणि त्याच्यापुढं ग्रामोफोनचा कर्णा. नेमकं तेव्हाच गाणं संपलं आणि कर्ण्यातून धो धो टाळ्या बाहेर पडल्या. सभेला सगळं कळलं. आधी संस्थापकांचे चिरंजीव हसले, मग सगळे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वकिलांना झालं.

अमीनसाहेब खाली बसले. "बाई को गाने दो," ते म्हणाले. "आप बैठो."

वकील बसले. उरलेला उत्सव मिस मेबलनं पार पाडला.

घरी आल्यावर वकील मान खाली घालून ताटावर बसले. बायकोकडं बघायची सोयच राहिली नव्हती.

"तुझ्यासाठी केलं गं," ते शेवटी म्हणाले. "मागच्या वर्षी एक टाळी पडली नाही. तुझ्यादेखत."

भाकरी वाढताना चतुराबाईचा हात थांबला.

"एक कशी नाय? मी वाजवत व्हते की. बाया माझ्याकडं टकामका बघाय लागल्या, तरी वाजवत व्हते. तुमीच मान खाली घालून उतरून गेलात."

वकिलांनी आत्ता कुठं मान वर केली. "आणि आज?"

"आजबी वाजवल्या," चतुराबाई म्हणाली. "पर त्या मडमेच्या एवढ्या माणसांत माझ्या कशा ऐकू येतील तुमाला?"