दाजी रिसबूड आणि शंभराची नोट

दाजी रिसबुडांनी एकदा भर कीर्तनात बुवांना अडवलं होतं. बुवा नुकतेच रंगात येऊन म्हणाले होते, "एका नगरात एक सावकार होता." पहिल्या रांगेतून दाजी उठले आणि त्यांनी विचारलं, "नगर कोणतं? तालुका?" बुवा गांगरले आणि तोंडाला येईल ते नाव घ्यायचं म्हणून कर्जत म्हणाले. "मग तसं सांगावं," म्हणून दाजी खाली बसले. तेवढ्यात मागून कर्जतचे एक पाहुणे उठले, आमच्याकडे असला सावकार कधी झाला नाही म्हणाले, आणि त्या दिवशीचं आख्यान तिथेच आटोपलं.

दाजी लाइन आळीतले आमचे शेजारी. पनवेलच्या कोर्टात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेले. बायको वारलेली, एकुलती मुलगी नागपूरला दिलेली, घरात एकटे. सकाळी ओटीवर खुर्ची टाकायची आणि जगावर संतापायचं, हा त्यांचा नेम. वर्तमानपत्रात 'एका इसमास अटक' असं छापून आलं की त्यांचा चहा गार व्हायचा. "इसमाला आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं?" हे त्यांचं पालुपद. 'बेवारस विधान' ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. पाऊस 'बराच' पडला, आंबे 'स्वस्त' झाले, ही सगळी बेवारस विधानं.

अशा माणसासमोर माझ्या मेव्हण्याने ते कोडं घातलं.

मेव्हणा गणपतीला दादरहून आला होता. संध्याकाळी केशवशेठच्या किराणा दुकानाच्या पायरीवर आम्ही चारपाचजण बसलो होतो. कोडं असं: एका माणसाने दुकानाच्या गल्ल्यातून शंभराची नोट चोरली. थोड्या वेळाने त्याच दुकानात येऊन त्याने तीच नोट देऊन सत्तर रुपयांचा माल घेतला. दुकानदाराने तीस रुपये परत दिले. तर दुकानदाराचं नुकसान किती?

कोणी तीस म्हणालं, कोणी एकशेतीस. आळीतला कंपाउंडर एकशेसत्तरवर अडून बसला. केशवशेठ स्वतः दुकानदार, ते दोनशेच्या खाली यायला तयार नव्हते. खरं उत्तर शंभर. नोट गेली ती परत आली. गेला तो सत्तरचा माल आणि तीस रोख. हे मी आजवर शेकडो लोकांना सांगत आलो आणि अजून कोणी ना कोणी मला वेड्यात काढतोच.

दाजींनी आकडा सांगितलाच नाही. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. फिर्याद दिली का, पंचनामा झाला का, हे त्यांनी विचारलं. शंभराची नोट म्हणजे तेव्हा कारकुनाचा महिन्याचा पगार. ती गल्ल्यात उघडी टाकून हा दुकानदार कुठे उलथला होता, तेही विचारलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे नुसतं कोडं आहे."

"कोडं नव्हे, दखलपात्र गुन्हा आहे," दाजी म्हणाले. "चोर मोकळा फिरतोय आणि तुम्ही सुशिक्षित माणसं बसून बेरजा करताय."

मेव्हणा दादरला परत गेला, कोडं आमच्याकडे राहिलं. आळीत तट पडले. कंपाउंडर आणि शाळेतले ड्रॉइंगमास्तर एका घरचे असल्यासारखे राहायचे, ते एकमेकांना पाहून रस्ता बदलू लागले. शेवटी केशवशेठ म्हणाले, करूनच बघू. त्यांनी गल्ल्यात खरी नोट ठेवली. दुकानदार ते होतेच. चोर व्हायला मात्र कोणी तयार होईना. शहाणी माणसं ती. मग शेठजींनी कमळूला हाक मारली.

कमळू त्यांच्याकडे गोणी उचलायचा. जासईचा आगरी, चाळिशीचा, चार पोरांचा बाप. "शेट, आमी चोर नाय व्हयाचो," तो हसत म्हणाला. पण मालकाचा शब्द. त्याने निखारा उचलावा तशी दोन बोटांनी नोट उचलली, दाराबाहेर जाऊन परत आला, साखरेची गोण आणि तेलाचे डबे घेतले, तीस रुपये हातात घेऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्या पिटल्या. निकाल लागला नाहीच, कारण सत्तरच्या मालात शेठजींचा नफा किती, तो धरायचा की वजा करायचा, यावर नवं भांडण सुरू झालं.

कमळूला मात्र ते नाव चिकटलं. "चोराला बोलवा रे," "चोराकडून गूळ मोजून घ्या." सगळे हसायचे, तोही हसायचा. दाजी एकदा दुकानाच्या पायरीवर काठी आपटून म्हणाले, की कोर्टात गुन्हा शाबीत होईपर्यंत माणसाला आरोपी म्हणतात, तुमच्या दुकानात तेवढीही रीत नाही. त्यालाही लोक हसले. दाजींचा संताप ही आळीची करमणूक होती.

पुढे महिनाभरात शेठजींची तपकिरीची चांदीची डबी हरवली. कोणीही कमळूचं नाव घेतलं नाही. नुसतं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने कंबरेची पिशवी झटकून दाखवली, तरी शेठजींनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्या वेळी मात्र तो हसला नाही.

हे दाजींना कळलं, तसे ते दुसऱ्या दिवशी सकाळी कोट-टोपी घालून, हातात वळकटी घेऊन दुकानासमोर उभे राहिले. कमळू राहिलेल्या पगारासाठी आला होता. दाजींनी खिशातून घराची किल्ली काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी मुलीकडे नागपूरला चाललोय, महिनाभर. आत चांदीचे देव आहेत, बायकोच्या पाटल्या आहेत. घर सांभाळायला भरवशाचा माणूस पाहिजे. कमळाकर, ही किल्ली ठेव."

कमळूचं पूर्ण नाव कमळाकर आहे, हे शेठजींनाही तेव्हाच कळलं. दाजी ताडताड एसटी स्टँडकडे निघून गेले.

तपकिरीची डबी चार दिवसांत शेठजींच्याच गादीच्या उशीखाली सापडली. कामावर परत ये, असा त्यांनी निरोप धाडला. कमळूने उलट निरोप दिला, "आता मी दाजींचा घर राखतंय. मोकला नाय."

त्यानंतर काही दिवसांनी भातगिरणीच्या कामासाठी मी पेणला गेलो. स्टँडजवळच्या धर्मशाळेच्या कट्ट्यावर एक म्हातारा जुना पेपर वाचत बसला होता. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला. ते दाजी होते.

मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "नागपूरला मी कधी जात नाही. तिथे जागा लहान, माणसं फार. म्हातारा कुठे झोपवायचा हा त्यांना प्रश्न पडतो." मग म्हणाले, "पण आपण घरात असताना दुसऱ्याला किल्ली देता येत नाही ना."

मी त्यांना जेवायला नेलं. डबी सापडल्याचं सांगितलं. वाटलं, आता शेठजींचा उद्धार होईल. पण भात कालवता कालवता दाजींनी घराची चौकशी केली. मी म्हटलं, घर उत्तम आहे. कमळू सकाळ-संध्याकाळ अंगण-ओटी झाडतो, तिन्हीसांजेला ओटीवर कंदील लावतो. पण आत पाऊल टाकत नाही, ओटीवरच गोणपाटावर झोपतो.

दाजींचा हात थांबला.

"ओटीवर? तिथे तर डास फोडून काढतात," ते म्हणाले. "माझी मच्छरदाणी आतल्या खोलीत खुंटीला आहे. त्याला सांगा." मग त्यांच्याच लक्षात आलं, की निरोप दिला तर ते पेणला आहेत हे फुटेल. भात तसाच ठेवून त्यांनी मला पनवेलच्या गाडीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने दाजी पनवेलला उतरले. नागपूरची हवा मानवली नाही, असं त्यांनी आळीत सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी मी ओटीवर डोकावलो, तर दाजी खुर्चीवर चढून खांबाला मच्छरदाणीची दोरी बांधत होते, आणि खुर्ची डगमगू नये म्हणून कमळू ती दोन्ही हातांनी धरून उभा होता.